पुणे ते सावंतवाडी, वहीतल्या नोंदींनुसार

आमच्या स्वयंपाकघरात, दुधाच्या हिशेबाच्या वहीशेजारी, माझी एक दोनशे पानी वही असते. पुण्यापासून सावंतवाडी तालुक्यातल्या आमच्या गावापर्यंतचा रस्ता तिच्यात लिहिलेला आहे. डावीकडे ठिकाणाचे नाव, मग अंतर, मग चढ आहे की उतार, मग तिथला फास्ट चार्जर किती किलोवॅटचा आणि त्याला गन, म्हणजे गाडीत खुपसायची वायरीची टोके, किती, आणि सर्वांत उजवीकडे त्या जागी खरोखर फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर. २०२२ साली आम्ही इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा हा शेवटचा रकाना वहीत नव्हता. तो कसा आला, आणि आता प्रवास ठरवताना मी वहीचे पान उजवीकडून डावीकडे का वाचते, हे मला सांगायचे आहे.

गाडीची बॅटरी ४०.५ युनिटांची आहे. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावर असते तेच. कागदोपत्री सांगितलेला पल्ला आणि रस्त्यावर मिळणारा पल्ला यांत मोठे अंतर असते, हे पहिल्या महिन्यातच कळले, आणि त्याचे कारणही लवकरच समजले. हवेचा अडसर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरवरून १०० वर गेले की प्रत्येक किलोमीटरमागे हवा कापण्यासाठी दीडपटीहून अधिक वीज लागते. आमची गाडी ८० च्या वेगाने चालवली तर एका युनिटमध्ये साधारण ७ किलोमीटर जाते, आणि १०० ने चालवली तर साडेपाच. एवढ्या एका सवयीने पूर्ण बॅटरीमागे ६० किलोमीटरचा फरक पडतो, आणि ६० किलोमीटर म्हणजे खेड्यापाड्यांच्या रस्त्यावर पुढचे तालुक्याचे ठिकाण गाठणे किंवा न गाठणे.

हे गणित मला शिकावे लागले, बाबांना ते आधीपासून येत होते. बाबा ३१ वर्षे एसटीत चालक होते आणि त्यातली बरीचशी वर्षे त्यांनी आंबोली घाट उतरण्या-चढण्यात घालवली. कोणत्या चालकाने किती डिझेल जाळले याचा हिशेब आगारात ठेवला जात असे, त्यामुळे विनाकारण ब्रेक मारणे आणि विनाकारण पाय दाबणे या दोन्ही गोष्टी त्यांना अजूनही सहन होत नाहीत. सुरुवातीला ते माझ्या शेजारी बसून नुसते पाहत असत. चढ डोळ्यांना उशिरा दिसतो, इंजिनाच्या आवाजात तो आधी ऐकू येतो, असे ते नेहमी म्हणत आणि या गाडीला तर आवाजच नव्हता. मग त्यांनी समोरच्या पडद्यावरचा खर्चाचा आकडा वाचायला सुरुवात केली. दोन फेऱ्यांत त्यांना तो आकडा इंजिनाच्या आवाजाइतका ओळखीचा झाला. एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली आणि १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर विजेवरची ‘शिवाई’ धावली, ही बातमी त्यांनी कात्रण काढून माझ्या वहीतच चिकटवून ठेवली आहे. त्या कात्रणामुळेही असेल, पण आमची गाडी हा त्यांना माझा एकटीचा हौसेचा कारभार वाटत नाही.

पुण्याहून निघाल्यावर कोल्हापूरपर्यंतच्या सव्वादोनशे ते दोनशे तीस किलोमीटरबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. हमरस्ता आहे, वाटेत सातारा आणि कऱ्हाड आहे, खंबाटकीचा चढ सोडला तर दम लागावा असे काही नाही, आणि चार्जिंगची यंत्रे एकापेक्षा अधिक आहेत. एक बंद असले तर पुढचे गाठता येते. आम्ही कऱ्हाडजवळ थांबतो, ८० टक्क्यांपर्यंत भरतो आणि निघतो. ८० च्या वर का भरत नाही, असे पुष्कळजण विचारतात. नळाखाली कळशी लावली की आधी आपण नळ पूर्ण सोडतो आणि पाणी गळ्याशी आले की तो बारीक करतो, तसेच बॅटरीचे आहे. भरत आलेल्या सेलचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वरच्या मर्यादेजवळ पोहोचते आणि गाडीच स्वतःहून करंट कमी करून घेते. आमच्या गाडीला ३० किलोवॅटच्या यंत्रावर २० पासून ८० टक्क्यांपर्यंत पाऊण ते एक तास लागतो, आणि उरलेल्या २० टक्क्यांना जवळजवळ तेवढाच वेळ जातो. शिवाय मागे कोणीतरी गाडी लावून उभा असतो. दोन गन असलेल्या ६० किलोवॅटच्या यंत्रावर दुसरी गाडी लागली की वीज बहुधा निम्मी-निम्मी वाटली जाते, म्हणजे आपण गळ्याशी आलेली कळशी भरत बसतो तेव्हा शेजारच्याचा नळही आपणच बारीक करत असतो.

खरा प्रवास निपाणीला सुरू होतो. तिथे हमरस्ता सुटतो, आणि उत्तूर, आजरा, गवसे करत रस्ता हिरण्यकेशीच्या सोबतीने आंबोलीकडे सरकतो. उसाचे मळे मागे पडतात, भातखाचरे लागतात, काजूची झाडे दिसू लागतात आणि मोबाइलच्या पडद्यावरच्या नेटवर्कच्या काड्या एकेक करून कमी होतात. माझ्या मते ग्रामीण चार्जरचा विचार करताना या काड्यांचा विचार आधी करायला हवा. यंत्र सुरू करायचे तर ॲप उघडावे लागते, ॲपला ओटीपी लागतो, ओटीपीला रेंज लागते, आणि खुद्द यंत्रालाही आतल्या सिमकार्डावरून आपल्या मुख्य केंद्राशी बोलावे लागते. यातला एक धागा तुटला तरी वीज असूनही गाडी भरत नाही.

२०२२ च्या दिवाळीत आम्ही याच रस्त्याने चाललो होतो. परतीचा पाऊस नुकताच ओसरला होता. कऱ्हाडला ८० टक्के करून निघालो होतो आणि कोल्हापूर आल्यावर बाबा म्हणाले, “इथे भरून घे गो. पुढचं आपल्याला माहीत नाही.” मी त्यांना ॲप दाखवले. पुढे एका गावाबाहेरच्या हॉटेलच्या आवारात ३० किलोवॅटचे एक यंत्र होते आणि ते हिरवे दिसत होते, म्हणजे चालू आणि रिकामे. मी थांबले नाही. दुपारी त्या हॉटेलवर पोहोचलो तेव्हा गाडीत १९ टक्के होते आणि गावचे घर ६५ किलोमीटर दूर होते.

यंत्राच्या पडद्यावर काहीच नव्हते. हॉटेलचे मालक हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, “ताई, ते पंधरा दिवस झाले बंद आहे. मागे वीज कडाडली, तेव्हापासून. कंपनीचा माणूस आला, फोटो काढून गेला.” ॲपवर हिरवा रंग कसा, याचे उत्तर माझे मीच नंतर शोधले. यंत्राचा केंद्राशी संपर्क तुटला, तेव्हा शेवटची जी स्थिती नोंदली गेली होती तीच तशी राहिली होती. मालकांचा त्यात काडीचाही दोष नव्हता. जागा त्यांची, आणि विकल्या गेलेल्या प्रत्येक युनिटमागे त्यांना थोडे पैसे मिळायचे, पण यंत्राची किल्ली त्यांच्याकडे नव्हती आणि त्याच्याबद्दल कोणी त्यांना चार गोष्टी समजावूनही सांगितल्या नव्हत्या. त्यांच्या आवारात ते यंत्र परक्याचे सामान ठेवावे तसे उभे होते.

आम्ही हिशेब मांडला. आंबोलीपर्यंत ३५ किलोमीटर, म्हणजे साडेपाच युनिट. पुढे घाट उतरताना काही वीज परत मिळेल, आणि पायथ्यापासून घरापर्यंत पुन्हा तीनेक युनिट. बेरीज १६-१७ टक्क्यांपर्यंत येत होती आणि हातात १९ होते. कागदावर जमत होते, पण बाबांनी मान हलवली. रात्री घाटात एखादे झाड आडवे पडलेले असले आणि मागे फिरावे लागले तर काय, एवढेच त्यांनी विचारले. घाटातल्या माणसाचा तो प्रश्न होता आणि त्याला माझ्या ॲपमध्ये उत्तर नव्हते.

हॉटेलसमोर रस्त्यापलीकडे एक फॅब्रिकेशनचे दुकान होते. दारात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा सांगाडा, भिंतीला टेकवलेल्या खिडक्यांच्या ग्रील, आत वेल्डिंगचा निळा लखलखाट. हॉटेलच्या मालकांनीच तिकडे हाक मारली. दुकानदार चष्मा कपाळावर सरकवून आला, माझ्या डिकीतला घरगुती चार्जर त्याने हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, “प्लग लावू नका अजून. आधी अर्थिंग बघू.” त्याने दोन वायरी काढलेला होल्डर आणला, त्यात शंभरचा साधा बल्ब होता. एक वायर फेजला, दुसरी न्यूट्रलला लावली, बल्ब पेटला. मग दुसरी वायर न्यूट्रलमधून काढून वरच्या जाड भोकात, म्हणजे अर्थिंगला लावली. बल्ब तितकाच लख्ख पेटला. “बघा, जरासुद्धा मंद झाला नाही. आमचं काम वेल्डिंगचं, अर्थिंग कच्चं ठेवून चालत नाही,” असे सांगून त्याने प्लग स्वतः बसवला. चार्जरवरचा दिवा हिरवा झाला. पंधरा अँपियरच्या त्या सॉकेटमधून तासाला तीन युनिट येतात. फास्ट चार्जरच्या मानाने ही गोगलगाय आहे, पण तीन तासांत गाडी १९ वरून ३९ टक्क्यांवर आली. त्या तीन तासांत बाबांना आत खुर्ची मिळाली, दोनदा चहा आला, आणि मी समोरच्या दुकानातून आजऱ्याचा घनसाळ तांदूळ पाच किलो घेतला. निघताना दुकानदाराने मीटर वाचून ९ युनिटांचे १०० रुपये घेतले आणि चहाचे काही घेतले नाही. त्याचा नंबर मी वहीत लिहिला. शेवटच्या रकान्यातली ती पहिली नोंद.

आंबोलीला पोहोचेपर्यंत अंधार पडला होता. आंबोली समुद्रसपाटीपासून ६९० मीटरवर आहे आणि पायथ्याच्या दाणोलीपर्यंत रस्ता सुमारे ६०० मीटर खाली येतो. माणसांसकट १,८०० किलोची गाडी ६०० मीटर उंचीवरून खाली येते तेव्हा तिच्यातली जी ऊर्जा मोकळी होते ती जवळजवळ ३ युनिट भरते. डिझेलच्या गाडीत ती सगळी ब्रेकच्या पट्ट्या तापवण्यात जाते. इथे पायडल सोडले की मोटरच जनित्र होते, चाकांना मागे ओढते आणि वीज बॅटरीत परत पाठवते. चाकांचे घर्षण आणि मधली गळती वजा जाता दोनएक युनिट हाती लागतात. बाबा पडद्याकडे पाहत होते. धबधब्यापाशी २५ होते, एका वळणानंतर २६ झाले, मग २७. दाणोलीला २९. तीस वर्षे ज्या घाटात त्यांनी दुसऱ्या गियरवर, ब्रेकच्या वासाची भीती मनात ठेवून बस उतरवली, तिथे उतार काहीतरी परत देत होता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “परतताना हे सगळं फेडावं लागेल.” फेडावे लागलेच. तोच १२ किलोमीटरचा घाट चढताना ११ टक्के गेले. म्हणूनच माझ्या वहीत जाण्याचे पान वेगळे आहे आणि येण्याचे वेगळे, अंतर सारखे असूनही. आणि डोंगरावरच्या गावात मुक्काम करून बॅटरी १०० टक्के भरून उतरायला लागू नये, हेही तिथेच लिहिले आहे. भरलेल्या बॅटरीला उताराची वीज ठेवायला जागा नसते.

घरी पोहोचल्यावर दुसरा धडा मिळाला. रात्री ओटीवरच्या सॉकेटला चार्जर लावला तर लाल दिवा. सकाळी वायरमन आला, त्यानेही तसाच बल्ब लावला, आणि अर्थिंगच्या भोकात तो जेमतेम विडीएवढा लाल झाला. घराला अर्थिंग होते, पण जांभ्यात ठोकलेला एक जुना लोखंडी पाइप, एवढेच. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, आणि कोरड्या जमिनीत वीज नीट मुरत नाही. पंखा, टीव्ही, मिक्सर यांनी कधी तक्रार केली नव्हती, कारण त्यांना ते तपासताच येत नाही. गाडीचा चार्जर मात्र दर वेळी तपासतो आणि अर्थिंग नसेल तर वीज घेतच नाही. माझ्या दृष्टीने हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे, कारण त्या घरात लहान मुले ओल्या पायांनी वावरतात. वायरमनने परसात, न्हाणीघराचे पाणी जिथे केळींना जाते तिथे खड्डा खणायला लावला. तांब्याची पट्टी उभी पुरली आणि भोवती कोळसा आणि जाडे मीठ यांचे थर दिले. वर पाणी ओतायला पाइपचा तुकडा ठेवला. “उन्हाळ्यात यात पाणी घालत जा,” असे त्याने वहिनीला बजावले. संध्याकाळी दिवा हिरवा झाला. रात्रभरात, कोणतेही ॲप न उघडता, गाडी भरली.

त्यानंतरच्या फेऱ्यांनी शेवटचा रकाना भरत गेला. आता ग्रामीण भागातल्या चार्जरवर विसंबायचे असेल तर मी आदल्या दिवशी फोन करते. यंत्र चालू आहे का, असे विचारते आणि उत्तरात ॲप कधीच सांगणार नाही असे काहीतरी कळते. एकदा पेट्रोल पंपावरचा मुलगा म्हणाला, “चालू आहे की. पण उद्या मंगळवार, दहा ते पाच लाईट नसते. नऊच्या आत या, न्हाईतर पाचनंतर.” पंपाचा जनरेटर दिवे आणि पंप चालवतो, ३० किलोवॅटचे यंत्र त्याच्या आवाक्यातले नसते. त्या एका वाक्याने आमचे निघणे दोन तास अलीकडे आले आणि दिवस वाचला. याच मुलाने मला लाल बटण दाखवले. यंत्राच्या अंगावर छत्रीच्या आकाराचे एक तांबडे बटण असते, संकटात वीज तोडण्यासाठी. येताजाता मुले ते दाबतात आणि निघून जातात, यंत्र बंद पडते, आणि दूरवरच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली जाते. बटण बाणाच्या दिशेने थोडे फिरवले की ते टचकन बाहेर येते आणि दोन मिनिटांत पडदा उजळतो. त्या मुलाला हे ठाऊक आहे, म्हणून त्याच्या पंपावरचे यंत्र माझ्या वहीत सर्वांत वर आहे, जरी त्याहून मोठी यंत्रे त्या रस्त्यावर आता आली असली तरी.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत महामार्गांच्या दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरवर चार्जिंगची सोय असावी, असे म्हटले होते. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांवर इलेक्ट्रिक मोटारींना टोल माफ केला. दोन्हींचे मला मनापासून स्वागत आहे. पण खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी असे टोल भरत जाणाऱ्या माझ्यासारखीला कोणी विचारले, तर मी टोलमाफीच्या आधी दोन गोष्टी मागेन. जिथे एक यंत्र आहे तिथे दुसरे, लहान का होईना, आणि त्याच्या शेजारी पक्क्या अर्थिंगचा एक पंधरा अँपियरचा सॉकेट. २५ किलोमीटरच्या अंतराने उभी असलेली यंत्रे नकाशावर शोभून दिसतात, पण एकच यंत्र असलेली जागा ही माझ्या हिशेबात अर्धीच जागा आहे. आणि ज्याच्या आवारात ते यंत्र उभे आहे त्या माणसाला दिवसभर बसवून ते शिकवावे. लाल बटण कोणते, यंत्र बंद करून पुन्हा चालू कसे करायचे, गन अडकली तर काय करायचे, आणि ॲप चालत नसेल तर त्याच्याकडच्या कार्डावर वीज कशी सुरू करायची. यात खर्च असा काही नाही. हॉटेलचे मालक त्या दिवशी किती अवघडून उभे होते, ते मी विसरलेले नाही. आपल्या दारात आलेल्या माणसाला रिकामे पाठवावे लागते याचे त्यांना वाईट वाटत होते, आणि त्यांच्या हातात काही नव्हते.

म्हणून मी पान उजवीकडून वाचते. आधी माणूस, मग यंत्र, मग अंतर. ज्या ओळीच्या शेवटी नंबर नाही ती ओळ मी मोजतच नाही. तिथे यंत्र आहे असे धरून चालत नाही, आणि त्याच्या अलीकडच्या ठिकाणी बाबांच्या सांगण्याप्रमाणे भरून घेते. फॅब्रिकेशनच्या दुकानात पुन्हा कधी गाडी लावावी लागली नाही, पण दर दिवाळीला तिथे थांबतो आणि चहा होतो.

गावच्या घरची ओळ वहीत सर्वांत खाली आहे. मे महिन्यात निघण्याच्या आदल्या दिवशी मी तिथेही फोन करते. आंबे किती उतरवले, विहिरीला पाणी किती आहे, हे सगळे बोलून झाल्यावर मी विचारण्याआधीच वहिनी सांगते, “खड्ड्यात दोन घागरी पाणी वतलंय, येवा तुमी.”